सोळा ऑगस्टला काय झालं?

आमच्या पाचवीतल्या लेकीचा अर्धा मार्क गेला. प्रश्न साधाच होता, आपला देश कधी स्वतंत्र झाला, आणि हिने लिहिलं, "१५ ऑगस्ट १९४७, पण माझी आजी १९ डिसेंबर १९६१." १९ डिसेंबर म्हणजे गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला तो दिवस. बाईंनी 'पण'पासून पुढचं सगळं लाल पेनाने खोडलं. बाईंना तरी काय बोलणार, समोर चाळीस पेपर आणि उत्तर एका ओळीचं. पण खरं सांगू का, गोव्यातल्या पोराने यापेक्षा बरोबर उत्तर लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

घरी येऊन रडारड झाली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "हांव जल्मलें तेन्ना हांगा पाखल्यांचें राज्य आशिल्लें." म्हणजे मी जन्मले तेव्हा इथे पाखल्यांचं राज्य होतं. पाखलो म्हणजे गोरा, पोर्तुगीज. जन्म १९४९चा, म्हणजे तिकडे देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेली आणि इकडे फोंड्याजवळच्या गावात ह्यांचा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये. लेक रडायची थांबली आणि तिने दोन प्रश्न टाकले. मग पंधरा ऑगस्टला सगळे स्वतंत्र झाले असं का म्हणतात? आणि सोळा ऑगस्टला काय झालं?

पहिल्याचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्यावर मी गप्प. कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतिहासाचं पुस्तक झेंडा फडकला की संपतं, आणि पुढच्या वर्षी नागरिकशास्त्र म्हणून जे येतं त्यात थेट घटना, हक्क, कर्तव्यं, लोकसभा सगळं तयारच असतं. मधल्या काळात हे कुणी केलं, कसं केलं, पैसे कुठून आले, भांडणं किती झाली, काहीच नाही. मग ठरवलं, दर रविवारी सकाळी आमच्या सोप्यावर वाड्यावरची पोरं बसवायची आणि सोळा ऑगस्टपासून सुरुवात करायची. मी शिक्षिका नाही, हिशोबाची कामं करते, त्यामुळे मला जसं कळलं तसं लिहितेय. वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आक्षेपही बरेच आले, ते त्या त्या जागी घेतलेत.

## चावी मिळाली, मीटर जुन्याच नावावर

तुम्ही जुनं घर विकत घेतलं. चावी हातात आली, राहायला गेलात. पण लाईटचं बिल पुढची दोन-अडीच वर्षं आधीच्या मालकाच्या नावाने येत राहतं, घरपट्टी त्याच्याच नावावर, दारावरची पाटी पण काढायची राहिलीय. घर कुणाचं? तुमचंच. पण कागदावर अजून सगळं बदललेलं नाही.

१५ ऑगस्ट १९४७ला भारत अगदी असाच होता. त्याला शब्द आहे डोमिनियन, म्हणजे कारभार पूर्ण आपला, पण कागदोपत्री राजा अजून इंग्लंडचाच. पोरांना हे सांगितलं तर विश्वासच बसेना. २६ जानेवारी १९५०पर्यंत सहावा जॉर्ज हा भारताचा राजा होता. पहिले गव्हर्नर जनरल माउंटबॅटन, ते जून १९४८ला गेले आणि मग राजाजी, म्हणजे राजगोपालाचारी, आले. सैन्याचा प्रमुखही इंग्रजच, जनरल करिअप्पा त्या खुर्चीवर बसले ते १५ जानेवारी १९४९ला, म्हणून तर त्या दिवशी आर्मी डे असतो. खिशातल्या नाण्यावरही जॉर्जचंच तोंड.

मीटरवरचं नाव बदललं तो दिवस म्हणजे २६ जानेवारी. ह्या एका उदाहरणाने पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी वेगवेगळे का, हे माझ्या लेकीला दोन मिनिटांत कळलं, आणि मी ते अख्ख्या शाळेत पाठ करून परीक्षा दिल्या होत्या.

## सोळा ऑगस्टला हद्दच माहीत नव्हती

आता तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सोळा ऑगस्टला पंजाब आणि बंगालमधल्या कितीतरी लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं. फाळणीची रेघ आखायचं काम सिरिल रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलाकडे होतं, जो त्याआधी कधी भारतात आलेलाच नव्हता, त्याला जेमतेम पाच आठवडे मिळाले आणि त्याची रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला. स्वातंत्र्य पंधराला, नकाशा सतराला! बंगालातल्या मालद्यासारख्या ठिकाणी आधी पाकिस्तानचा झेंडा लागला आणि दोन दिवसांनी कळलं की आपण भारतात आहोत.

सामानाची वाटणी तर अगदी भावाभावांसारखी. सरकारी मालमत्तेतला साधारण साडेसतरा टक्के वाटा पाकिस्तानला, बाकी भारताला, आणि हे फक्त पैशांचं नाही, टेबलं, खुर्च्या, टाईपरायटर, सगळं मोजून. आमच्याकडे वडिलोपार्जित घराची वाटणी झाली तेव्हा काकांनी तांब्याची भाणी सुतळीने मापून घेतली होती, ते पोरांना सांगितलं. खो खो हसली.

"एवढं रक्तपाताचं लहान मुलांना कशाला?" हा पहिला आक्षेप, आणि तो मला पटतो. मी कापाकापी सांगितली नाही. पण गप्पही बसले नाही, कारण एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून इकडची तिकडे गेली हे न सांगता १९४७ सांगणं म्हणजे खोटंच की. मी विचारलं, तुम्हाला आत्ता दहा मिनिटांत घर सोडायचंय, काय घ्याल? एकाने टॅब, एकीने मांजर, एकाने चार्जर (टॅब ज्याने घेतला त्याने नाही, दुसऱ्याने, मग त्यांचं भांडण). मग सांगितलं की कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या, तिथे सिंधमधून आलेली माणसं राहिली, बराकीला मध्ये पडदा लावून दोन-दोन कुटुंबं, आणि त्याच छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. उल्हासनगरची जीन्स घालणाऱ्या पोराने स्वतःच्या पॅंटकडे बघितलं. तेवढं पुरे होतं.

## सावंतवाडीला राजा होता तेव्हाची गोष्ट

इंग्रजांनी सोडला तो देश एकसंध नव्हताच. पाचशे साठच्या वर संस्थानं होती, म्हणजे आतला कारभार राजाचा आणि वर इंग्रजांचा हात. आमच्या पोरांना हैदराबाद, जुनागढ लांबचं वाटतं, म्हणून मी सावंतवाडीपासून सुरू केलं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, पुढे सावंतवाडी, लाकडी खेळणी आणायला आपण जातो ती. ते संस्थान होतं, १९४८मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झालं.

सामीलनामा म्हणजे राजाने सही केलेला कागद. सुरुवातीला त्यात तीनच गोष्टी होत्या, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. फ्लॅटची सोसायटी असते ना तसं, गेटवरचा वॉचमन, पाण्याची टाकी आणि जिना सोसायटीचा, दाराच्या आत तुमचं तुम्ही. नंतर हळूहळू दाराच्या आतलंही एक झालं. वल्लभभाई पटेल आणि त्यांचे सेक्रेटरी व्ही. पी. मेनन यांनी हे समजावून, दरडावून, तनखे देऊन केलं, आणि हैदराबादला सप्टेंबर १९४८मध्ये सैन्य पाठवावं लागलं. काश्मीरचा सामीलनामा २६ ऑक्टोबर १९४७चा, त्याची गोष्ट अजून चालूच आहे, ती पोरांना मोठी झाल्यावर.

घटनेबद्दल एकच सांगते, कारण बाकी पुस्तकात आहे. मुलांना वाटतं बाबासाहेबांनी एका खोलीत बसून घटना लिहून काढली. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते, आणि त्यांनी जे केलं ते त्याहून कठीण होतं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांना उत्तरं द्यावी लागली. शाळेच्या गॅदरिंगला कुठलं गाणं बसवायचं यावर नऊ पोरं एक तास भांडतात. ते बघितलेल्या माणसाला घटनेला लागलेली जवळजवळ तीन वर्षं जरा कमीच वाटतात.

## बिस्किटांचे डबे

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन केला, मजा पण इथेच आली.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चार महिने चालली. सुमारे सतरा कोटी मतदार, आणि १९५१च्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारे शंभरात अठरा. जगात बऱ्याच ठिकाणी आधी जमीनदारांना मत, मग पुरुषांना, मग कधीतरी बायकांना असं टप्प्याटप्प्याने झालेलं, इथे सगळ्यांना एकदम. निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. आता नाव वाचता येत नाही त्या माणसाने मत कसं द्यायचं? तर उपाय असा काढला की प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका, म्हणजे काही न खुणावता, हव्या त्या पेटीत टाकायची. झालं.

आम्ही तेच केलं. बिस्किटांचे चार रिकामे डबे, त्यावर आंबा, फणस, काजू आणि भिरंडाची, म्हणजे कोकमाची, चित्रं. डबे आतल्या खोलीत, एकेकाने जायचं, दार लोटायचं, चिठ्ठी टाकायची, बाहेर येताना बोटाला माझं नेलपॉलिश. आधी मतदारयादी केली, ते काम लेकीकडे. यादीत मोठ्यांनाही घेतलं होतं, तर हिने लिहिलं, "ओंकारची आई." मी म्हटलं नाव लिही. नाव कुणालाच माहीत नाही! ओंकारलाही दोन सेकंद लागले.

तिथेच थांबून सांगितलं. १९५१ला यादी करणारे दारात गेले तेव्हा कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. सुकुमार सेन म्हणाले नाव नसेल तर यादीत नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं गळाली. देश स्वतंत्र, मताचा हक्क कागदावर, आणि मत नाही. ओंकारची आई भिंतीवरून ऐकत होती, तिने ओरडून स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

मतमोजणीला काजू निवडून आला आणि फणसाला शून्य, जे शक्यच नव्हतं कारण फणसाला मत दिलं असं तिघं शपथेवर सांगत होते. चौकशीत निघालं की ओंकारने आत जाऊन फणसाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या उचलून काजूत घातल्या. मला राग यायला हवा होता, पण मी मनात म्हटलं, वा. कारण आता मला सांगावंच लागलं नाही की सरकारने वीस लाखांवर पोलादी पेट्या का बनवून घेतल्या, कुलूपबंद, फट एवढीशीच. पोरांनीच सांगितलं. १९५७लाही अशाच वेगवेगळ्या पेट्या होत्या, पुढे सगळ्यांची चिन्हं असलेली एकच मतपत्रिका आणि शिक्का आला. फेरमतदान घेतलं. आंबा.

"निवडणुकीचं शिकवाल तर घरात राजकारण येईल" असं एका काकांनी लिहिलं होतं. राजकारण ओंकारला कुणी शिकवलं नव्हतं काका, ते आधीच होतं, आम्ही फक्त कुलूप लावलं.

## मग तेव्हा आम्ही कुठे होतो?

लेकीचा पहिला प्रश्न आता घेऊ. हे सगळं दिल्लीत, मुंबईत, सावंतवाडीत चालू असताना गोवा नकाशात होता, देशात नव्हता.

कारण सरळ आहे. स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला, तो ब्रिटिशांकडे असलेल्या भागासाठी. गोव्याचा मालक वेगळा. एकाच बंगल्यातल्या दोन खोल्या दोन वेगळ्या माणसांनी बळकावलेल्या, एक निघून गेला म्हणून दुसरा जाईलच असं नाही. फ्रेंचांनी निदान पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ला सोडला. पोर्तुगालमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा होता, तो तर बोलायलाच तयार नाही. उलट १९५१मध्ये त्याने घटनाच बदलली आणि वसाहती हा शब्द काढून 'सागरापारचे प्रांत' केले. म्हणजे भाडेकरूने बाहेर पाटी लावावी की ही भाड्याची खोली नाही, हे आमचंच बेडरूम आहे.

"मग नेहरूंनी चौदा वर्षं काय केलं?" ग्रुपवर हा मेसेज येणार हे मला माहीतच होतं. माझं मत विचाराल तर उशीर झाला, आणि तो उशीर गोव्यातल्या लोकांनी तुरुंगात भोगला. पण कारणं होती ती मुलांना सांगायला हवीत. भारत जगाला सांगत फिरत होता की भांडणं बोलून सोडवा, मग स्वतःच सैन्य कसं घुसवायचं. पोर्तुगाल नाटोत, म्हणजे अमेरिका-ब्रिटनच्या लष्करी गटात. बोलणी होईनात म्हणून १९५३ला लिस्बनमधली आपली कचेरी बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आले त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, पत्रादेवीचं स्मारक त्याचंच. मग नाकेबंदी. सासूबाईंना आठवतं ते हे, की बटाटे परदेशातून बोटीने यायचे आणि पलीकडे बेळगावकडे शेतात पिकत होते!

शेवटी नोव्हेंबर १९६१मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' बोटीवर गोळीबार झाला आणि महिन्याभरात ऑपरेशन विजय. १८ डिसेंबरला सैन्य आत आलं, १९च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती दिली. सालाझारचा हुकूम शेवटपर्यंत लढायचा होता, त्यांनी तो मानला नाही. त्यामुळे बरंच काही वाचलं. परत गेल्यावर पोर्तुगालने त्यांना लष्करातून काढून टाकलं. ही एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते. सासूबाई तेव्हा बारा वर्षांच्या.

## वीस डिसेंबर

गोव्याचा सोळा ऑगस्ट म्हणजे २० डिसेंबर १९६१. आणि इथे माझ्या लक्षात आलं की आपल्या पोरांना देश कसा उभा राहतो हे शिकवायला दिल्लीला जायची गरजच नाही, अख्खा प्रकार आपल्याकडे छोट्या आकारात पुन्हा झालाय आणि त्याची साक्षीदार स्वयंपाकघरात बसलीय.

आधी लष्करी गव्हर्नर, मेजर जनरल कँडेथ. पैसे बदलायचे, पोर्तुगीज एस्कुद जाऊन रुपया. कायदे बदलायचे, पण सगळे एकदम बदलले तर गोंधळ, म्हणून १९६२च्या कायद्याने ठरलं की जुने कायदे बदलेपर्यंत चालू राहतील, आणि लग्नाचा पोर्तुगीज कायदा आजपर्यंत चालूच आहे. समान नागरी कायद्याची देशभर चर्चा होते तेव्हा गोव्याचं उदाहरण देतात ते ह्याचंच. सासूबाईंनी सेगुंद ग्राव केलेलं, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पायरी, आणि मराठी त्यांना देवळाच्या चौकीत एक मास्तर शिकवायचे. आता गावात सरकारी मराठी शाळा आली आणि ह्या पुन्हा खालच्या वर्गात. "सगल्यांत व्हडलें हांव," म्हणाल्या. लाज वाटली का विचारलं तर म्हणाल्या, नाही, माझ्या आईने घरी शेणाने अंगण सारवलं त्या दिवशी, चतुर्थीला सारवतात तसं.

निवडणूक ९ डिसेंबर १९६३ला. बाकी देशाने तोवर तीनदा मत दिलेलं. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

मग मुलांना एक कोडं घातलं, गोव्यात कोण कधी स्वतंत्र झालं? १९६१ हे उत्तर सगळ्यांनी दिलं. मोहन रानडे, सांगलीचा तरुण, पोर्तुगीज पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात १९५५ला पकडलेला, पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेलेला. गोवा मुक्त झाला तेव्हा तो तिथेच होता. सुटला जानेवारी १९६९ला. ज्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, शेती कसली त्याच्यासाठी कूळ कायदा आला १९६४ला, पण जमीन त्याच्या नावावर व्हायचा कायदा १९७६चा. आणि ज्या लोकांचं सोनं पोर्तुगीज बँकेत गहाण होतं ते मुक्तीच्या आधी बोटीतून लिस्बनला गेलं, परत आलं १९९१ला, तीस वर्षांनी. लेक म्हणाली, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा पंधरा ऑगस्ट. मी काही बोलले नाही, अर्धा मार्क आठवला.

## "पाखल्यांच्या वेळी बरं होतं की"

हे गोव्यात प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. चोऱ्या नव्हत्या, दाराला कडी लावायची गरज नव्हती, चीज आणि व्हिस्की स्वस्त. मुलं हे ऐकतात आणि गोंधळतात.

मी सासूबाईंना खोटं पाडत नाही, चोऱ्या खरंच कमी असतील. फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. पेपरात सरकारविरुद्ध लिहिता यायचं का? नाही, छापण्याआधी सेन्सॉर. सभा? परवानगीशिवाय नाही, राममनोहर लोहियांना १८ जून १९४६ला मडगावात बोलायला उभे राहताच धरलं ते त्यासाठीच. कडी लागायची नाही हे खरं, पण आग्वादच्या किल्ल्यावरच्या तुरुंगाला मात्र बाहेरून लागायची. सासूबाई यावर हसतात आणि म्हणतात, चीज मात्र बरं होतं.

ह्याच्याच जोडीला पासपोर्टचा प्रश्न येतो, कारण वर्गात कुणाचे ना कुणाचे बाबा 'पोर्तुगीज' होऊन लंडनला गेलेले असतात. मग ते देशद्रोही का, असं एकाने विचारलं. नाही रे. पोर्तुगालने गोवा भारताचा हे मान्य केलं ते तिथली हुकूमशाही पडल्यावर, ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने, आणि त्यांच्या कायद्यात १९६१च्या मुक्तीआधी इथे जन्मलेली माणसं आणि त्यांची पुढची पिढी जन्म तिकडे नोंदवून नागरिकत्व मागू शकतात. भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणून ते घेतलं की इथलं जातं. बाबा गेले ते पगारासाठी. 'म्हणजे आजी पण जाऊ शकते?' कायद्याने हो. आजी म्हणाली, थंड खूप असतं तिथे.

## फूल आणि दोन पानं

शेवटचा आक्षेप सगळ्यात जोरात आला, "जनमत कौल आता कशाला उकरून काढता, घरं फुटली होती त्यावरून." फुटली होती, आमचंच फुटलं होतं. म्हणूनच.

जनमत कौल म्हणजे निवडणूक नाही, एकाच प्रश्नावर सगळ्या लोकांना विचारणं. प्रश्न होता, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित, म्हणजे थेट दिल्लीच्या देखरेखीखाली पण वेगळा, ठेवायचा. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. १६ जानेवारी १९६७. त्याच्या आधी बांदोडकरांनी राजीनामा दिला, म्हणजे सरकारचा दबाव नको. दोन्ही बाजूंकडे कारणं होती. मराठीत शिकलेल्या, मराठीत कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला महाराष्ट्र आपला वाटणारच, भाटकारांच्या राज्यापेक्षा तो बराही वाटणार. आणि कोकणी बोलणाऱ्याला वाटणारच की एवढ्या मोठ्या राज्यात आपण एका कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसू. सासूबाईंचे वडील फुलाचे, गावात सभा घ्यायचे. आई काही बोलायची नाही. कौलाच्या दिवशी दोघं बरोबर चालत गेले, बरोबर परत आले. कितीतरी वर्षांनी, वडील गेल्यावर, आईने सांगितलं, दोन पानां.

फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. आमचा तालुका हरला असं अजून बोलतात. आणि दोन-तीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली त्यात पुन्हा बांदोडकरच निवडून आले. पोरांना हे झेपेना, ज्याचं म्हणणं हरलं तोच परत कसा? पण लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली होती, एवढंच. केंद्रशासित गोवा पुढे ३० मे १९८७ला राज्य झालं.

आम्ही तोही कौल घेतला, दोनच डबे, ह्या वेळी ओंकारला मीच निवडणूक अधिकारी केलं म्हणजे त्याच्यावर नजर राहील. आठ पोरं आणि ओंकार, नऊ मतं. दोन पानं पाच, फूल चार. शेजारची सातवीतली मुलगी फुलाची, तिने तीन दिवस वाड्यावर प्रचार केला होता, घरोघरी जास्वंद वाटली होती. तिने डबा उपडा करून पुन्हा बघितला, मोजलं, चारच. तोंड एवढंसं झालं. मग जरा चिडूनच तिने विचारलं, "मग आता आमी चार जणांनी खंय वचपाचें?" म्हणजे कुठे जायचं?

मी काहीतरी समजूतदार बोलणार एवढ्यात सासूबाई आतून आल्या, हातात झारा. "खंयच वचपाचें ना," त्या म्हणाल्या, "जेवपाक येयात." कुठेच जायचं नाही, जेवायला या. सोलकढी आणि तिसऱ्यांचं सुकं होतं. डबे सोप्यावरच राहिले, दुपारी मांजराने दोन पानांचा पाडला.